काचेचा पेला: भट्टीतल्या पहिल्या गोळ्यापासून निवलेल्या भांड्यापर्यंत

काच फुंकणारा कारागीर म्हटलं की गाल फुगवलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात सरावलेल्या हाताला एक साधा पेला घडवायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्यात फुंकरीचा वेळ जेमतेम मिनिटभर. उरलेला सगळा वेळ काच तापवण्यात, निववण्यात आणि फिरवत ठेवण्यात जातो. गोळ्याच्या कुठल्या भागात किती ऊब आहे हे ज्याला कळलं, त्याला पेला जमला. ज्याचं लक्ष फुंकरीवर राहिलं, त्याचा फुगा एका बाजूने पातळ होऊन फुटतो.

या लेखात एकच वस्तू घेऊ: १० सेंटिमीटर उंच, ८ सेंटिमीटर रुंद, सरळ भिंतीचा पेला. भिंत ३ मिलिमीटर, बूड ५ मिलिमीटर, वजन साधारण २५० ग्रॅम. काठोकाठ भरला तर ४०० मिलिलिटर पाणी मावेल, पिण्याजोगं ३००. फुलदाणी, सुरई, वाडगा यांचे मुळातले टप्पे हेच असतात, म्हणून शिकायला पेल्यासारखी दुसरी वस्तू नाही. सगळी तापमानं सेल्सियसमध्ये आहेत.

काच कोणती घ्यायची

हाताने फुंकायची काच बहुतेक ठिकाणी सोडा-लाइम जातीची असते. तिच्यात सुमारे ७० टक्के सिलिका म्हणजे वाळू, १५ टक्क्यांच्या आसपास सोडा, ८-१० टक्के चुना आणि बाकी किरकोळ घटक असतात. सोड्यामुळे वाळू कमी तापमानाला वितळते, चुन्यामुळे तयार काच पाण्यात टिकते. कागदावर कृती सोपी वाटते, पण नवशिक्याने वाळू-सोडा कालवून स्वतः काच करायला जाऊ नये. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. शिवाय वितळ पुरी झाली नाही तर काचेत मोहरीएवढे बुडबुडे आणि पाकातल्या तारेसारखे दोरे राहतात. फुंकण्यासाठी म्हणून बनवलेले तयार काचेचे तुकडे विकत मिळतात, ते घ्या.

जाणत्यांचीही इथे फसगत झालेली आहे. १९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वी लिटल्टन यांनी छोट्या भट्टीवरची कार्यशाळा घेतली. कलाकाराने कारखान्याबाहेर, स्वतःच्या स्टुडिओत काच फुंकायची चळवळ तिथून सुरू झाली असं मानतात. पण त्यांची पहिली वितळ कामाची निघाली नव्हती. काचशास्त्र जाणणारे डॉमिनिक लॅबिनो यांनी फायबरग्लास बनवण्यासाठीच्या काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या, तेव्हा काम पुढे सरकलं.

बाटल्यांची काच वापरता येते. अफगाणिस्तानातल्या हेरातचे कारागीर वापरतात, आपल्याकडे फिरोजाबादलाही भंगार काच वितळवली जाते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. बाटलीची काच लवकर ताठरते, म्हणजे हाताला वेळ कमी मिळतो. दुसरी गोष्ट प्रसरणाची. प्रत्येक काचेला प्रसरणाचा एक आकडा असतो. स्टुडिओसाठीच्या काचेचा बहुधा ९६, तर बाटल्यांचा आणि खिडकीच्या काचेचा ८५ ते ९० च्या घरात. दोन्ही एका भांड्यात आल्या की निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि भांडं तडकतं. कधी रातोरात, कधी कपाटात ठेवल्यावर महिन्याभराने. म्हणून एका मुशीत, म्हणजे काच वितळवायच्या भांड्यात, एकच काच. रंगाच्या कांड्याही त्याच आकड्याच्या घ्याव्या लागतात.

तीन भट्ट्या

पहिली मुख्य भट्टी. तिच्यात काचेची मूस बसवलेली असते. तुकडे टाकून १२५० ते १३०० अंशांना रात्रभर वितळवतात, मग तापमान खाली आणून बुडबुडे जिरू देतात. कामाच्या वेळी ती ११२० ते ११५० वर ठेवायची. या तापमानाला काच घट्ट मधासारखी वाहते. ही भट्टी रोज विझवता येत नाही, कारण निवली तर मूस तडकते. म्हणून ती आठवडे-महिने अखंड पेटती राहते आणि स्टुडिओचा मोठा खर्च इंधनावरच होतो. शिकणाऱ्याने स्वतःची भट्टी बांधण्याआधी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या स्टुडिओत काम करावं.

दुसरी ग्लोरी होल. आडव्या पिंपासारखी, समोर गोल तोंडाची, १२०० ते १२५० अंशांची. फुंकणीवरचं काम पुन्हा पुन्हा मऊ करायचं ते इथे.

तिसरी अनीलर, म्हणजे निववायची भट्टी. काम सुरू करण्याआधीच ती ४८० अंशांवर आणून ठेवायची. पेला हातात तयार आणि अनीलर अजून तापतेय, ही चूक सुधारता येत नाही.

फिरोजाबादच्या भट्ट्या कोळशावर चालत. ताजमहालाभोवतीच्या धुरावरून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि त्या परिसरातल्या उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळावं लागलं. वायूवर तापमान सारखं राखणं सोपं जातं, काजळी काचेत येत नाही.

हत्यारं आणि अंगावरचे कपडे

फुंकणी म्हणजे आपल्या चुलीजवळच्या फुंकणीचीच थोरली बहीण: स्टेनलेस स्टीलची, दीड मीटरच्या आसपास लांब, आत पोकळ. पेल्यासाठी तोंडाशी अडीच सेंटिमीटर जाडीची पुरते. तिच्या जोडीला पंटी, म्हणजे बूड धरायची भरीव सळई. मार्व्हर म्हणजे गोळा लोळवायचा सपाट पोलादी पाटा. बाकावर दोन समांतर आडव्या पट्ट्या असतात, त्यांवर फुंकणी डाव्या हाताने पुढे-मागे लोळवायची आणि उजव्या हाताने हत्यार चालवायचं.

जॅक हे मुख्य हत्यार. लांब, गुळगुळीत पात्यांचा मोठा चिमटाच तो. इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो या काचकामाच्या बेटावर त्याला ‘बोर्सेल्ले’ म्हणतात आणि बाकाला ‘स्कान्यो’. पात्यांना कामाआधी आणि कामात अधूनमधून मधमाश्यांचं मेण लावायचं, नाहीतर काचेवर ओरखडे उठतात. ब्लॉक म्हणजे आतून वाटीसारखा कोरलेला, दांडा असलेला लाकडी ठोकळा. चेरी किंवा तत्सम फळझाडाचं लाकूड चालतं आणि तो कायम पाण्यात बुडालेलाच हवा. कोरडा ब्लॉक पेट घेतो आणि त्याचा कोळसा काचेला चिकटतो. शिवाय कात्री, चिमटे, लाकडी फळी आणि व्यासमापक.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे वर्तमानपत्र. आठ-दहा पानं घडी घालून तळहाताएवढी, दोन सेंटिमीटर जाडीची गादी करायची, पाण्यात भिजवून हलकी पिळायची आणि तिच्यावर काच पेलायची. कागद आणि काच यांच्यामध्ये वाफेचा पदर तयार होतो, त्यावर काच सरकते. चकचकीत, रंगीत पुरवणीचं पान घेऊ नका. त्यावरचा थर जळून काचेला डाग पाडतो. या गादीतून काचेची ऊब आणि आकार दोन्ही तळहाताला थेट कळतात, हे दुसऱ्या कुठल्याच हत्याराने होत नाही.

सुती कपडे, बंद चामडी बूट. नायलॉन, पॉलिस्टर अंगावर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांसाठी अवरक्त किरण अडवणारा चष्मा लागतो. दिव्यावर काच वाकवणारे जो जांभळट डिडिमियम चष्मा वापरतात तो सोड्याची पिवळी ज्योत कापतो, पण भट्टीच्या झळांपासून वाचवत नाही. आणखी एक नियम: खाली पडलेल्या काचेला हात लावायचा नाही. ५०० अंशांची काच उजेडात पाण्यासारखी स्वच्छ दिसते.

पहिला गोळा

फुंकणीचं टोक आधी तापवून मंद लाल करा. थंड फुंकणीला काच धरत नाही, गोळा निसटून मुशीत पडतो. फार तापली तर काच टिकत नाही, ओघळते.

भट्टीचं दार उघडून फुंकणी किंचित खाली कलती धरून आत न्या, टोक काचेच्या पृष्ठभागाला लागलं की दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि फिरवतच वर उचला. मधाच्या बरणीतून काठीवर मध घेताना हात जसा फिरतो, अगदी तसा. टोक खोल बुडवायचं नाही. खोल बुडवलं की फुंकणीच्या तोंडाची हवा काचेत अडकते आणि पेल्याच्या भिंतीत बुडबुडा होऊन बसते. पहिला गोळा मोठ्या लिंबाएवढा पुरे.

बाहेर आल्यापासून शेवटपर्यंत फुंकणी फिरती हवी. थांबली की काच खाली लोंबते, आणि एकदा केंद्र सरकलं की पुढचा प्रत्येक टप्पा त्या सरकलेल्या केंद्राभोवती होतो. वेगाने फिरवण्याची गरज नाही, एकसारखं फिरवण्याची आहे.

गोळा मार्व्हरवर लोळवा, आधी बाजू, मग टोक. पोलाद वरची ऊब शोषून घेतं आणि काचेला साय धरते. ही साय सगळीकडे सारख्या जाडीची असली तरच आतला फुगा मधोमध येतो. एकाच बाजूला जास्त वेळ टेकवलं तर ती बाजू ताठरते आणि हवा उलट्या, मऊ बाजूला पळते.

आता पहिली फुंकर. तोंड लावून हवेचा एक छोटा, जोरकस झोत द्या आणि लगेच अंगठ्याने भोक बंद करा. फुंकणीतली कोंडलेली हवा तापून पसरते आणि दोन-तीन सेकंदांत काचेत फुगा आपोआप उमटतो. तो दिसला की अंगठा काढा. नवशिके इथे गाल लाल होईपर्यंत फुंकत राहतात, आणि फुगा आला की तो भसकन मोठा होतो. फुगा येत नसेल तर काच थंड झाली आहे. ग्लोरी होलमध्ये तापवा, जास्त फुंकू नका. हा पहिला फुगा सुपारीएवढाच हवा, भोवती सगळीकडे जाड काच.

दुसरा गोळा, आकार आणि मान

फुग्याची नारिंगी चमक जाईपर्यंत हवेत फिरवत निववा. चमक असताना पुन्हा मुशीत घातला तर आतला फुगा चेपतो. फार निवला तर आत जाताच ‘टिक्’ असा आवाज येतो आणि तडा जातो. या दोन्हींच्या मधली वेळ नजरेनेच शिकावी लागते: रंग नुकताच गेलेला, पण हात जवळ नेला तर झळ जोरात लागते.

दुसरा गोळा घेताना पहिली काच पूर्ण झाकली जाईल आणि थोडी काच फुंकणीच्या धातूवर चढेल इतपत आत न्या. आता फुंकणीवर सगळी मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास काच असायला हवी. पेल्याला २५० ग्रॅम लागते, बाकी मान तोडताना फुंकणीवरच राहते.

बाकावर बसून खालून भिजलेला ब्लॉक लावा आणि फिरवत गोल करा. वाफेचा फसफस आवाज एकसारखा आला की समजा गोळा केंद्रात आहे. लयीत थांबून थांबून येत असेल तर एक बाजू फुगलेली आहे. ब्लॉकनंतर कागद, मग पुन्हा तापवणं.

मान आता घ्यायची, नंतर नाही. फुंकणीच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर जॅकची पाती आडवी लावून हलकेच दाबत फिरवा, म्हणजे खाच पडेल. दाबण्यापेक्षा फिरवण्यावर भर द्या. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची मान झाली की पुरे. याच रेषेवर पेला पुढे फुंकणीपासून सुटणार आहे. मान जाड राहिली तर तो सुटत नाही, हव्या त्या जागी तुटतही नाही. मानेची काच गरम असतानाच खाच पडते. थंड काचेवर जोर केला तर तिथेच सूक्ष्म तडे जातात आणि मग पुढच्या तापवणीत सगळं काम जमिनीवर येतं.

यानंतरचा क्रम तोच तोच आहे आणि त्यातच कौशल्य आहे: ग्लोरी होलमध्ये वीस सेकंद, बाकावर कागदाने आकार, मदतनीस दुसऱ्या टोकाने हळू फुंकणार, पुन्हा ग्लोरी होल. हवा नेहमी सगळ्यात गरम भागात जाते. बूड मोठं हवं असेल तर बूड तापवा, खांदा मोठा हवा असेल तर कागदाने बूड निववा आणि मग फुंका. आकाराचा निर्णय ऊब करते, फुंकर तो निर्णय अमलात आणते. लांबी हवी असेल तर फुंकणी खाली धरून हलकेच झुलवा, वजनाने काच उतरते. व्यासमापकाने ८ सेंटिमीटर मिळाले की फुंकर बंद.

बूड सपाट करायला ओली लाकडी फळी टोकाला सरळ टेकवा. मधोमध किंचित आत दाबलं तर पुढे पेला तीन-चार ठिकाणी टेकून डगमगत नाही, कडेच्या पूर्ण वर्तुळावर बसतो.

साच्याचा मार्गही आहे. गोळा साच्यात सोडून फुंकला की हजार पेले एका मापाचे होतात. आपल्या आजोळच्या कंदिलांच्या काचा अशाच फुंकलेल्या असत. १९०८ मध्ये माणशी एक पैसा वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाड्याला सुरू झाला, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत होते. लाकडी किंवा आतून लेप दिलेला ओला साचा वापरून काच आत फिरवत फुंकली, तर भांड्यावर सांध्याची रेघ उमटत नाही. न फिरवता फुंकली तर उमटते.

पंटी: इथेच बहुतेक पेले मोडतात

आतापर्यंत पेला मानेकडून फुंकणीला धरलेला आहे आणि त्याचं तोंड अजून नाही. तोंड उघडायचं तर त्याला उलट्या बाजूने, बुडाकडून धरावं लागतं.

मदतनीस पंटीच्या टोकावर सुपारीएवढी काच घेतो, मार्व्हरवर तिचं टोक बोथट सुळक्यासारखं करतो आणि काही सेकंद निववतो. तुम्ही मधल्या काळात पेल्याचं बूड चमक नसलेलं पण गरम ठेवायचं. पंटी बुडाच्या बरोबर मध्यावर सरळ रेषेत टेकवायची. तिरकी बसली तर पेला भोवऱ्यासारखा डुलतो आणि तोंड कधीच गोल होत नाही.

सगळा प्रश्न पंटीच्या उबेचा. फार गरम असेल तर ती बुडाशी एकजीव होते आणि शेवटी सोडवताना बुडाचा टवका घेऊन येते, पेल्याला भोक पडतं. फार थंड असेल तर धरतच नाही आणि पेला ग्लोरी होलमध्ये गळून पडतो. योग्य पंटीचा रंग मंद नारिंगी, टोक दाबलं तर किंचितच बसतं. टोकावर जॅकच्या पात्याने आडवी-उभी चीर दिली तर पूर्ण पृष्ठभाग न चिकटता चारच बिंदू चिकटतात आणि सोडवणं सोपं जातं. नवशिक्याने ही चीर नेहमी द्यावी.

पंटी बसली की मानेच्या खाचेवर चिमट्याने पाण्याचे दोन थेंब सोडा. बारीक तडतड ऐकू येईल. मग फुंकणीवर लाकडाच्या तुकड्याने एक हलका टोला. मान स्वच्छ तुटते आणि पेला पंटीवर राहतो. पाणी पेल्याच्या अंगावर ओघळलं तर तडा तिकडे धावतो, म्हणून थेंबच, धार नाही. टोला देऊनही सुटत नसेल तर जोर वाढवू नका. मान जाड राहिली आहे, पुन्हा पाणी लावा.

तोंड उघडणं

तुटलेली कड धारदार आणि वाकडी असते. आधी फक्त तोंडाचा भाग ग्लोरी होलमध्ये न्या, पाच-सात सेकंद, बाहेर, पुन्हा आत. एकदम पूर्ण आत घातलं तर थंडावलेली कड तडकते. कड चांगली मऊ, नारिंगी झाली की उंच-सखल भाग कात्रीने कापा, पुन्हा तापवा. मग जॅकची दोन्ही पाती बंद करून तोंडात घाला आणि फुंकणी फिरवतात तशी पंटी फिरवत पाती हळूहळू उघडू द्या. पाती बाहेरच्या दिशेला रेटायची नाहीत. फिरणारी मऊ काच स्वतःच त्यांवर पसरते. दोन-तीन तापवण्यांत तोंड ८ सेंटिमीटर होतं.

तोंडाची काच इतकी मऊ असताना एक क्षण फिरवणं थांबलं तर पेल्याला ओठ फुटतो, घंगाळ्यासारखा एकीकडे लोंबतो. पुन्हा तापवून, तोंड खाली करून जलद फिरवलं तर बराचसा सरळ होतो. पण तोंडावर लक्ष असताना बूड विसरू नका. तोंडाच्या दर दोन तापवण्यांनंतर पूर्ण पेला आत नेऊन एकदा ऊब द्यायची. हा क्षण चुकला की पंटीजवळ ‘टिक्’ होतं आणि सगळी मेहनत जाते.

हे एकट्याचं काम नाही

बाकावर एक, पंटी आणणारा एक, अनीलरचं दार उघडणारा एक. पेल्याला किमान दोघं हवेत. मुरानोत या चमूला ‘पियाझा’ म्हणतात आणि मुख्य कारागिराला ‘माएस्त्रो’. व्हेनिस प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये आगीच्या भीतीने काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, तेव्हापासून तिथली घराणी हाच धंदा करत आली. लिनो ताल्यापिएत्रा यांचा जन्म तिथलाच, १९३४ चा. अकराव्या वर्षी उमेदवारी सुरू केली, एकविसाव्या वर्षी माएस्त्रो झाले. १९७९ मध्ये ते अमेरिकेतल्या पिलचक या काचकलेच्या शाळेत शिकवायला गेले आणि मुरानोची बंद दाराआडची तंत्रं खुली झाली. त्या शाळेच्या संस्थापकांपैकी एक डेल चिहुली यांनी अपघातात एक डोळा गमावला, पुढे खांदा दुखावला आणि त्यांनी फुंकणी खाली ठेवली. त्यानंतरचं त्यांचं काम त्यांच्या नजरेखाली चमूच्या हातांनी घडलं. कलाकार म्हणजे फुंकणारा माणूसच असं नाही, हे त्यांच्या कामाने पक्कं दाखवलं.

शिकताना मदतनिसाचं काम आधी करा. पंटी आणणाऱ्याला उबेचा अंदाज बाकावर बसणाऱ्याहून लवकर येतो.

निववणं

पंटीच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब, सळईवर एक टोला, आणि पेला उष्णतारोधक हातमोज्यांत. बुडावरची खूण छोट्या गॅसच्या ज्योतीने दोन-तीन सेकंद मऊ करून गुळगुळीत करा आणि लगेच अनीलरमध्ये ठेवा, दारापासून दूर, दुसऱ्या कामाला न चिकटता.

काच बाहेरून आधी निवते, आतून उशिरा. बाहेरचा भाग ताठ झाल्यावर आतला आकसू लागला की दोघांत ताण अडकतो. तो ताण डोळ्याला दिसत नाही आणि पुढे कधीतरी, बर्फ घातल्यावर किंवा चमचा लागल्यावर, पेला उभा फुटतो. ४८० अंशांना ९६ आकड्याच्या काचेतले कण हलू शकतात आणि ताण सुटतो. आपल्या पेल्यासाठी क्रम असा: शेवटचं काम आत गेल्यावर ४८० वर १ तास स्थिर. मग ३७० पर्यंत तासाला ५० अंश. हा टप्पा सगळ्यात नाजूक. त्याखाली तासाला १०० अंशांनी ५० पर्यंत. एकूण साडेसहा तास होतात, म्हणून संध्याकाळी लावून सकाळी उघडतात. बाटलीची काच असेल तर स्थिर ठेवायचं तापमान आणखी ५०-६० अंशांनी वर घ्यावं लागतं.

जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो, दुप्पट नाही. एक सेंटिमीटर बुडाची फुलदाणी पेल्याच्या वेळापत्रकात घातली की तडा ठरलेला. जाडी मोजताना नेहमी सगळ्यात जाड भाग धरा.

ताण राहिला का हे घरी पाहता येतं. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, ध्रुवित काचांचा गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये पेला धरा. पेला काळाच राहिला तर उत्तम. बुडाशी किंवा काठाशी पांढरे ढग दिसले तर ताण आहे. तडा गेलेला नसेल तर पेला थंड अनीलरमध्ये ठेवून तासाला १०० अंशांनी पुन्हा ४८० पर्यंत न्या आणि सगळा क्रम परत करा.

बूड घासणं आणि वापर

पंटीची खूण टोचत असेल तर सिलिकॉन कार्बाइडच्या १२०, २२०, ४००, ६०० अशा क्रमाने सपाट चाकावर घासा, पाणी सतत चालू ठेवून. दोन टप्प्यांमध्ये पेला आणि हात दोन्ही धुवा, कारण १२० चा एक कण ४०० मध्ये गेला तर ओरखडा शेवटपर्यंत राहतो. ६०० नंतर नमदाच्या चाकावर सिरियम ऑक्साइडने चकाकी येते. घाईने ४०० वरून थेट चकाकीला गेलं तर बूड चमकतं, पण उजेडात धुरकट दिसतं.

विकत घेणाऱ्यासाठी थोडंसं: बुडावर पंटीची किंवा ती घासल्याची खूण, काठाला आगीने आलेला गोलावा आणि बोटांना जाणवणारा भिंतीच्या जाडीतला किंचित फरक, हे हातकामाचे पुरावे. बुडबुडे हा पुरावा नव्हे. ते कारखान्यात मुद्दाम टाकता येतात, आणि चांगला कारागीर ते येऊ देत नाही. पंटीची खूण नसली म्हणून पेला यंत्राचा, असंही नाही. साच्यात तोंडाने फुंकून काठ नंतर कापलेले पेले असतात.

सोडा-लाइम काच तापमानाचा धक्का सहन करत नाही. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या मानाने तिचं प्रसरण जवळजवळ तिप्पट. उकळता चहा यात ओतू नका, फ्रिजमधून काढून गरम पाण्याखाली धरू नका. धुताना हाताने, मऊ फडक्याने धुवा. तळाशी पांढरट थर बसला तर तो क्षारांचा असतो. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवलं की निघतो.